दृष्टीची मोहरी

मोहरी उपटायला तुमची माणसं वाडीवर चढून आली. त्या मोहरीबद्दल दोन शब्द सांगायला मात्र एकही चढला नाही. गुन्हा तुमचा, आणि भोगतेय सारजाबाई. तुम्ही म्हणजे कोण, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. ज्यांच्या फाटकावर बियाण्यांच्या कंपनीची निळी पाटी आहे आणि ज्यांच्या गाड्या टाकव्याच्या बाजारातून माणसांना बाजूला सारत जातात, ते तुम्ही. इथं नाव घालायचं नाही असं ठरवूनच हे लिहिलंय. नाव घातलं की तुम्ही नावावरून भांडाल आणि मोहरी राहील बाजूला.

टाकवे बुद्रुकच्या पुढं डांबर संपतं, तिथून डाव्या हाताला जी चढण लागते तिच्या माथ्यावर सारजाबाईची वाडी. भात, नाचणी, वरई आणि उतारावर खुरासणी, एवढंच तिथं पिकतं. मोहरी कुणी पेरत नाही. म्हणून तर तुम्ही खालची सपाट जमीन भाड्यानं घेतलीत. आसपास मोहरी नाही, म्हणजे परक्या मोहरीचा पराग माशीच्या पायाला लागून येणार नाही, म्हणजे तुमचं बियाणं शुद्ध राहील. विचार बरोबर होता. चुकलं एवढंच, की सारजाबाईच्या परसातला चार हात वाफा कुठल्याच सातबाऱ्यावर पीक म्हणून लागत नाही.

आणि ती मोहरी खायची नव्हतीच. वाडीची रीत अशी, की फोडणीची मोहरी खुशाल कामशेतच्या दुकानातून आणावी, पण दृष्टीची मोहरी विकत घेऊ नये. ती मागून आणायची, आणि मागायची ती सुइणीकडं. जिनं नाळ कापली तिच्याच वाफ्यातली. सारजाबाईच्या आधी तिची सासू सुईण होती, त्याच्या आधी सासूची सासू. बाई बदलली तरी वाफा तोच आणि बी तेच. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, नाळ नर्स कापते. पण बाळ वाडीवर आलं की त्याला न्हाऊ घालायला सारजाबाईच लागते. न्हाणीत पाटावर बसून पाय लांब सोडायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेल जिरवायचं, ऊन ऊन पाणी घालायचं, मग शेगडीवर ओवा टाकून धुरी द्यायची, आणि शेवटी मूठभर मीठ-मोहऱ्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. मिरची नाही. तान्ह्याच्या छातीत मिरचीचा धूर भरतो, म्हणून मिरची मोठ्या माणसांना, तान्ह्याला नुसत्या मीठ-मोहऱ्या.

टाकल्यावर नाकात झणका गेला, डोळ्यांत पाणी आलं, बाळंतीण शिंकली, की सगळे हसायचे. म्हणजे दृष्ट नव्हती. झणका आला नाही, तर मात्र दृष्ट लागलेली, आणि जबर लागलेली. मग कुणाची, याचा शोध सुरू.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लेक उमेश नवलाख उंबऱ्याच्या कंपनीत कामाला आणि राहायला तळेगावात. सुनेला वाडीची चढण सोसत नाही. तेव्हा कुणाचं तरी ओलं, तेलकट, ओरडणारं लेकरू रोज सकाळी नडग्यांवर घेणं, एवढाच सारजाबाईचा माणसांशी धागा उरला होता. वाडीत एखादं तरी तान्हं बहुतेक असायचंच. एक पालथं पडायला लागलं की दुसऱ्या घरचा निरोप यायचा.

तर त्या हिवाळ्यात वाफा पिवळाधमक फुलला होता, आणि प्रज्ञेश नावाचा तुमच्याकडं कामाला असलेला पोरगा दोन माणसं घेऊन वर आला. पुण्याचा पोरगा, बोलायला गोड, पायात चांगले बूट.

"मावशी, ही मोहरी काढावी लागेल."

"का रं? हिनं काय केलं?"

"हिचा पराग खाली आमच्या प्लॉटवर येतो. मधमाश्या आणतात. आमचं बियाणं बिघडतं."

"मग माश्यांना सांग की. मोहरी कुटं चालत जातीय?"

प्रज्ञेश हसला. दोन माणसंही हसली. हसत हसतच त्यांनी वाफ्यात हात घातला.

"आरं, फुलोऱ्यात आलीय! दाणा तरी भरू द्या."

"मावशी, तुमचं नुकसान नाही होणार. बदल्यात आमची मोहरी देऊ. ह्याच्यापेक्षा चांगली. शब्द आहे माझा."

सारजाबाईनं फार भांडण केलं नाही. एक तर तिला भांडता येत नाही, आणि दुसरं म्हणजे मोहरीच्या बदल्यात मोहरी, यात काय वाईट, असं तिला वाटलं. तिला काय माहीत, की मोहरी आणि मोहरी यात फरक पडावा म्हणूनच तुम्ही खाली एवढा खर्च करून बसला आहात? होतं नव्हतं ते सगळं बी तिनं त्या साली पेरलं होतं. घरात चिमूटही उरली नव्हती. उपटलेल्या झाडांचा ढीग उन्हात दुपारपर्यंत मलूल झाला, आणि सासूच्या सासूपासून चालत आलेलं बी त्या ढिगात संपलं.

प्रज्ञेशनं शब्द पाळला, हे मान्य. शिमग्याच्या सुमाराला त्याचा माणूस गोणपाटाची पिशवी ठेवून गेला. दाणा जाड, टपोरा, एकसारखा, शिवाय चकचकीत. सारजाबाईनं मुठीत घेतला, तर बोटांमधून घरंगळून गेला. तिला बरं वाटलं. रीतीप्रमाणं घराघरातून बाया वाट्या घेऊन आल्या. भागुबाई, म्हणजे शेजारच्या घरातली थोरली बाई, सारजाबाईच्याच वयाची, तीही आली.

"सारजे, औंदा मोहरी बाळसं धरून आली गं!"

"कंपनीचं खातीया ती. आपल्यावानी नाचणी न्हाई."

हसणं झालं. प्रत्येकीच्या वाटीत मोहरी पडली. मागच्या सालची ज्यांच्याकडं थोडी होती त्यांनी ती यात मिसळून टाकली, जुनी आणि नवी कशाला वेगळी ठेवायची म्हणून.

भाद्रपदात भागुबाईची सून मंगल बाळंत झाली. मुलगी. घरात सगळे तिला छकुलीच म्हणायला लागले. मंगल आदल्या हिवाळ्यात तुमच्याच प्लॉटवर रोजानं जायची. कोवळ्या रोपांच्या पानाला टिकलीएवढं भोक पाडायचं, तो तुकडा नळीत टाकायचा, नळीवर नंबर चिकटवायचा. "झाडांचं रगत तपासायला न्हेत्यात," ती घरी सांगायची. कशासाठी नेतात हे तिनं विचारलं होतं. मुकादम म्हणाला होता, "तुला काय करायचंय? भोक नीट पाड."

पहिल्या दिवशी सारजाबाईनं छकुलीला न्हाऊ घातलं. पोर ओरडली, मग शेकानं सुस्तावली. सारजाबाईनं मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या, तीनदा ओवाळल्या, "आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, माज्या लेकराला लागली आसंल त्याची," असं पुटपुटत शेगडीत टाकल्या. तडतड झाली. मीठ फुटलं, दाणे फुटले. आणि मग काहीच नाही. तेल करपल्यासारखा गुळमट वास आला, बस. कुणी शिंकलं नाही. कुणाचे डोळे भरले नाहीत.

मंगलनं सासूकडं बघितलं. सासूनं शेगडीकडं.

"लागली व्हती कुणाची तरी," सारजाबाई म्हणाली. "जाईल आता."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. छकुलीच्या पोटात मुरडा यायचा, तान्ह्यांना येतो तसा, ती दिवेलागणीला किंचाळायची. मग घरात रोजचा प्रश्न, कोण आलं होतं, कुणी बघितलं, कोण दारातून "गोरी हाय गं" म्हणालं. मंगलच्या माहेरच्या चुलतीचं नाव निघालं. तिला येऊ नको म्हणून निरोप गेला. तरी झणका येईना. तेवढ्यात वरच्या घरातली एक बाई म्हणाली, तिच्या नातवाच्या दृष्टीलाही श्रावणापासून झणका आलेला नाही. मग आणखी एक बोलली. सगळ्या घरांतली दृष्ट निघेनाशी झाली होती, आणि प्रत्येक घर आपापलं लपवून बसलं होतं.

असं झाल्यावर माणसं काय करतील? सगळ्या घरांत जाणारी एकच बाई कोण, ते बघतील. त्यांनी ते बघितलं. यात त्यांना अडाणी म्हणायचा तुम्हाला हक्क नाही. त्यांच्यापाशी जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर त्यांनी नीट विचार केला होता. उरलेलं तुमच्यापाशी होतं.

सारजाबाई सकाळी गेली तेव्हा भागुबाई उंबऱ्यात उभी होती. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता.

"मंगल घालतीया पानी," भागुबाई म्हणाली. "तू नगं येत जाऊ आता."

"तिला कुटं येतंय? कानात पानी जाईल लेकराच्या."

"जाऊ दे कानात. सारजे, सरळ सांगू का? तुज्या हातची मोहरी पेटत न्हाई."

"मोहरी त्यांची हाय. खालच्यांची."

"दिली कुणी? तुज्याच हातानं ना? सून येत न्हाई, नात दावत न्हाई. बाई, मन जळत आसंल तुजं. जळायचंच. म्या तुला वाईट म्हनत न्हाई. पन लेकराला कशाला त्याची झळ?"

"भागे, तुज्या तिनी पोरांना म्या न्हाऊ घातलंय."

"म्हनून तर दारातच बोलतीया. दुसरी कोन आसती तर पायरीखाली बोलले आस्ते."

आत छकुली किंचाळली. कानात पाणी गेल्यावर तान्हं जसं ओरडतं तसं. सारजाबाईचे हात आपोआप पुढं झाले, आणि तसेच परत आले.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. वाडी काही क्रूर नाही. दळण कांडण, उसनंपासनं चालू होतं. कुणी तिला शिवी दिली नाही. फक्त ती दिसली की बाया पदर पोरांच्या तोंडावर ओढायच्या. हळूच, तिला वाईट वाटू नये अशा बेतानं. तेच जास्त लागायचं. सकाळी पाणी तापवायची तिची सवय गेली नाही. चूल पेटवून हंडा चढवायची, पाणी उकळायचं, आणि ते घालायला अंगावर कुणी नसायचं. तेलाची वाटी भरून ठेवायची आणि शेवटी आपल्याच गुडघ्यांना चोळायची.

उमेशला फोन लावला तर त्याच्या मागं मशीनचा आवाज.

"आये, दृष्टबिष्ट काय घिऊन बसलीस? सोड की. हिकडं ये दोन दिस."

"तिकडं यिऊन काय करू? तुज्या पोरीला न्हाऊ घालू?"

"ती मोठी झाली आता, आये. शाळंत जाती. मी करतो नंतर फोन."

शेवटी ती खाली तुमच्या फाटकावर गेली. प्रज्ञेशनं तिला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला. तिनं खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसून विचारलं.

"दादा, तुज्या मोहरीला झणका का न्हाई?"

पोरगा खुलला. कुणीतरी त्याला त्याच्या कामाचं विचारलं होतं. तो भडाभडा सांगायला लागला. मोहरीच्या तेलात एक आम्ल असतं, ते जास्त पोटात जाणं बरं नाही. ते कमी करायचंय. पेंडीत तिखटपणाचं द्रव्य असतं, त्यानं गुरं पेंड खात नाहीत. तेही कमी करायचंय. पूर्वी हे करायला झाड वाढवून, दाणा काढून, तेल तपासून, वर्षानुवर्षं जायची. आता रोप वीतभर असतानाच पानाचा तुकडा घेतात आणि आत कुठला गुण आहे ते प्रयोगशाळेत खुणेवरून ओळखतात. हवी ती रोपं ठेवायची, नको ती उपटायची.

"म्हंजे झणका उपटून टाकला," सारजाबाई म्हणाली.

"तसंच म्हणा ना! तेल एकदम सौम्य होतं, मावशी."

"आन् जाळली तर?"

"जाळली तर... नाही येणार तसा वास. कुठून येणार?"

सारजाबाईनं चहाचा कप बाजूला सारला. किती सोपं होतं. मग तिनं सगळं सांगितलं, शेगडीपासून भागुबाईच्या उंबऱ्यापर्यंत. "वर चल माज्यासंगं. एवढंच सांग. मोहरीतच न्हाई म्हनाव. माजं म्हननं कुनी ऐकायचं न्हाई, तुजं ऐकतील."

प्रज्ञेशचा चेहरा उतरला. त्यानं दार लोटलं.

"मावशी, ते बियाणं मी तुम्हाला द्यायलाच नको होतं. चाचणीतलं बी बाहेर जात नाही. तुम्हाला वाईट वाटलं म्हणून मी दिलं. आता वर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं तर... मी साहेबांशी बोलतो. नक्की बोलतो. त्यांनी होय म्हटलं की येतो."

तो बोलला असेल. पोरगा खोटा नाही. पण फाटकातून कुणी वर आलं नाही. दिवाळी गेली तरी आलं नाही.

मग सारजाबाईनं आपल्या परीनं पुरावा जमवला. कामशेतला चालत जाऊन दुकानातली मोहरी आणली. दृष्टीसाठी विकत मोहरी घेणं तिच्या जन्मात पहिल्यांदा. भागुबाईच्या अंगणात शेगडी मांडली, बाया जमवल्या, आधी तुमची मोहरी टाकली. तडतड, गुळमट वास. मग दुकानातली टाकली. असा झणका उठला की कोंबड्यासुद्धा फडफडल्या, आणि मंगल तर खोकून खोकून वाकली.

"बगा!" सारजाबाई ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बगितलंत? मोहरीत खोट हाय. माज्यात न्हाई!"

भागुबाईनं नाक पुसलं.

"बगितलं," ती म्हणाली. "दुकानदाराच्या हातची पेटली. तुज्या हातनं वाटलेली न्हाई."

पुरावा फिरला तो असा. वाडीनं त्या दिवसापासून दृष्टीची मोहरी विकत आणायला सुरुवात केली. रीत मोडली, आणि मोडल्याचं खापरही सारजाबाईवरच.

आता पुढचं. हे तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकवायचं आहे. सारजाबाईला प्रज्ञेशनं खरं सांगितलं होतं. तिला ते कळलंही होतं. पण एका माणसानं दार लोटून सांगितलेलं खरं, आणि अख्ख्या वाडीनं रोज न बोलता सांगितलेलं दुसरं काही, यात एकटं माणूस किती दिवस पहिलं धरून बसणार? ती स्वतःही दृष्ट मानते. आयुष्यभर तिनं दृष्ट काढली आहे. एका सकाळी मंगलनं छकुलीला अंगणात कोवळ्या उन्हाला निजवलं होतं. सारजाबाई पाण्याची कळशी घेऊन वाटेनं आली. पोर हात हलवत होती, मानेला जोर आला होता. सारजाबाईला बघावंसं वाटलं, आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तशीच, भिंत चाचपत, कुडाला खांदा घासत, ती पुढं निघून गेली. आपल्यात खरंच काही असलं तर, असं तिच्या मनात आलं होतं. कळशीतलं पाणी हिंदकळून पायांवर सांडत होतं.

मंगलनं ते पाहिलं. "मावशे," एवढंच ती म्हणाली.

माघात तुमची शिवारफेरी झाली. शेताच्या कडेला मांडव, खुर्च्या, फलक, पुण्या-मुंबईकडचे पाहुणे. मंगल आणि वाडीच्या बाकीच्या बाया कामाला होत्या. त्यांना सारख्या टोप्या घालून वाफ्यांच्या कडेनं उभं केलं होतं, फोटोत बऱ्या दिसतात म्हणून. एका बाजूला तुमच्या तेलात पुऱ्या तळल्या जात होत्या. मोठे साहेब माईकवर बोलत होते. शेतकऱ्याचं कल्याण, गृहिणीचं आरोग्य, देशाचं आयातीवरचं अवलंबित्व, सगळं झालं. मग ते म्हणाले, "आणि सांगायला आनंद होतो, ह्या मोहरीला तो उग्र झणका नाही. घ्या हुंगून! पोरंबाळं असलेल्या घरात डोळे न चुरचुरता फोडणी द्या!"

टाळ्या पडल्या. टोप्या घातलेल्या बायांना कर्ण्याचा आवाज नीट पोचत नव्हता. वारा उलटा होता.

सारजाबाई मांडवाच्या मागं उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं ते ऐकलं. महिनोन्महिने जे सांगायला तुम्हाला सवड नव्हती, चढण चढवत नव्हती, साहेबांचा होकार नव्हता, ते तुम्ही पुरी खाता खाता परक्या माणसांना फुकट सांगितलंत, आणि वर टाळ्या घेतल्यात.

ती खुर्च्यांमधून सरळ चालत आली. प्रज्ञेश उठला, "मावशी, नंतर, नंतर," म्हणत आडवा झाला. तिनं त्याला हातानं बाजूला केलं, बाळाला कुशीवर वळवतात तसं, जोर न लावता. एक जण म्हणाला, प्रश्न लिहून द्या. दुसरा म्हणाला, आजीबाईंना पुरी द्या. मोठे साहेब हसून माईक झाकायला लागले, तर तिनं माईकच धरला. कर्णा कुईं करून ओरडला आणि वाफ्यापाशी उभ्या बायांनी माना वळवल्या. मंगलनं टोपी काढली.

"साह्यब," सारजाबाई म्हणाली, आणि आपलाच आवाज डोंगरावर आपटून परत आलेला ऐकून क्षणभर थांबली. "माजी मोहरी तुमी उपटली. तुमची मला दिली. ती म्या लेकरांवरून ववाळली. झणका येईना म्हनून वाडीनं मला घराबाहेर ठिवलीया. आता मला बी माजी भीती वाटतीया. त्या तितं बाया हुब्या हायेत, त्यांना मगाचं तुमचं ऐकू गेलं न्हाई. त्यांच्याकडं तोंड करा. त्यांना कळंल आसं बोला. खोट माज्या नजरंत व्हती, का तुमच्या दान्यात? खाली काय बगताय? बोला की, साह्यब. म्या हितनं हालत न्हाई. बोला."